रिकाम्या खुर्चीसमोरचा उजेड

महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीला संगणकाची पहिली ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गात झाली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले आणि सोलापूर शहरापासून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटपर्यंत त्याची केंद्रे उघडली. त्या काळच्या विंडोजच्या तोंडओळखीत स्क्रीन सेव्हर हमखास यायचा. डेस्कटॉपवर माउसचे उजवे बटण दाबा, खिडकी उघडा, यादीतले एखादे चित्र निवडा आणि किती मिनिटांनी ते सुरू व्हावे हे ठरवा. हजारोंनी हे कसे करायचे ते शिकून घेतले. ते का करायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. आजही कार्यालयांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, दुकानांच्या गल्ल्यावर माणूस उठून गेला की संगणकाच्या पडद्यावर रंगीत रेघा नाचतात, बुडबुडे तरंगतात किंवा संस्थेचे नाव गोल फिरत राहते. यामुळे पडद्याचे आयुष्य वाढते असे अनेकांना मनापासून वाटते. काहींना तर विजेचीही बचत होते असे वाटते. आजच्या बहुतेक संगणकांच्या बाबतीत यातली एकही समजूत खरी नाही. स्क्रीन सेव्हर एका खऱ्या अडचणीवरचा उपाय होता, ती अडचण आता आपल्या टेबलावरून गेली आहे, आणि आज पडद्याचे व विजेचे खरे रक्षण हवे असेल तर कोणी पाहत नसताना पडदा सरळ विझला पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

मुळातली अडचण समजून घ्यायची तर जुना, पाठीमागे भलेमोठे पोट असलेला मॉनिटर आठवावा लागेल. त्याच्या आत काचेची एक निर्वात नळी असे. तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे, हजारो व्होल्टच्या दाबाने तो पुढच्या काचेवर आदळे आणि काचेच्या आतल्या बाजूला दिलेला फॉस्फरचा लेप त्या माऱ्याने चमके. हा झोत ओळीमागून ओळ अशी पूर्ण काच सेकंदाला पन्नास-साठ वेळा रंगवून काढी, म्हणून आपल्याला स्थिर चित्र दिसे. अडचण या लेपाची होती. इलेक्ट्रॉनांचा मारा जितका जास्त आणि जितका दीर्घकाळ, तितका फॉस्फर थकतो आणि त्याची उजेड देण्याची ताकद उतरते. चित्र सतत बदलत असेल, तर ही झीज सगळ्या पडद्यावर सारखी पसरते आणि डोळ्यांना जाणवत नाही. तेच अक्षर, तीच चौकट, तीच रेघ महिनोन्‌महिने एकाच जागी राहिली, तर तेवढाच भाग बाकीच्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. मग दुसरे काहीही दाखवले तरी जुन्या अक्षरांची पुसट सावली तिथे दिसत राहते, आणि मॉनिटर बंद केला तरी काचेवर तिचा डाग ओळखू येतो. हे नुकसान कायमचे असे; कोणत्याही उपायाने गेलेला लेप परत येत नसे.

या झिजेचा सर्वाधिक धोका कुठे होता, हे पाहिले की स्क्रीन सेव्हरची गरजही नीट कळते. घरी तासभर खेळ खेळणाऱ्याला तो धोका फारसा नव्हता. दिवसभर एकच तक्ता उघडा ठेवून काम करणाऱ्याला तो होता. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर आपल्या बँकांत संगणक येऊ लागले. खात्याचा क्रमांक, नाव, जमा, नावे, शिल्लक अशा त्याच रकाने-शीर्षकांची चौकट सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच जागी असणे हे अशा कामाचे स्वरूपच होते. रेल्वे आरक्षणाच्या खिडक्या, विमानतळावरचे वेळापत्रक, एटीएमचे स्वागताचे वाक्य, ही सगळी त्याच जातीची कामे. त्यातून १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीसोबतचा एकरंगी मॉनिटर हिरव्या अक्षरांचा होता आणि त्याचा फॉस्फर उजेड जरा जास्त वेळ धरून ठेवणारा होता. अशा पडद्यावर स्थिर अक्षरांचा ठसा लवकर उमटे. म्हणजे भीती काल्पनिक नव्हती. पदरचे पैसे घालून घेतलेले महागडे यंत्र तिच्यामुळे खरोखर खराब होत होते.

यावरचा उपाय कोणी आणि कसा काढला, हे या सगळ्या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे आहे. अटारी कंपनीच्या १९७९ च्या घरगुती संगणकांत, काही मिनिटे एकही कळ दाबली गेली नाही तर पडद्यावरचे रंग आपोआप बदलत राहण्याची सोय होती. ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकात पडदा आपोआप मंद होई. पण स्वतंत्र प्रोग्राम म्हणून पहिला स्क्रीन सेव्हर लिहिण्याचे श्रेय जॉन सोचा या अमेरिकी प्रोग्रामरला दिले जाते. पुढे नॉर्टन कमांडर या गाजलेल्या प्रोग्राममुळे त्याचे नाव झाले. त्याचा स्क्रीन सेव्हर सॉफ्टॉक या मासिकाच्या डिसेंबर १९८३ च्या अंकात छापून आला. आयबीएम पीसीवर तीन मिनिटे काहीच हालचाल झाली नाही, की हा प्रोग्राम पडदा पूर्ण काळा करी. त्यात बुडबुडे नव्हते, तारे नव्हते, फिरती नावे नव्हती. पडद्याच्या रक्षणासाठी लिहिलेला तो प्रोग्राम पडद्यावर काहीही दाखवत नसे. इलेक्ट्रॉनांचा मारा थांबला की झीज थांबते, इतका सरळ हा विचार होता आणि तो बरोबर होता.

मग चित्रे कशी आली? एक कारण व्यवहाराचे होते. काळा पडदा पाहून यंत्र बंद आहे असा समज होई, कोणीतरी बटण दाबी आणि न साठवलेले काम जाई. पडद्यावर काहीतरी हलत असले की यंत्र जागे आहे हे लांबूनही कळे. हलणारे चित्र एका जागी थांबत नसल्याने झीजही पसरून जाई. दुसरे कारण मौजेचे होते आणि लवकरच तेच वरचढ ठरले. बर्कली सिस्टिम्स या कंपनीने १९८९ मध्ये मॅकसाठी आफ्टर डार्क हा संच आणला. त्यातले पंख फुटलेले, उडत जाणारे टोस्टर जगभर लोकप्रिय झाले. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांत धावत येणारे तारे, विटांच्या भिंतींचा चक्रव्यूह, आपोआप जोडत जाणारे नळ आले. आता या लोकप्रियतेची वेळ पाहा. व्हीजीए पद्धतीचे रंगीत मॉनिटर १९८७ पासून येऊ लागले होते. रंगीत नळ्यांतला फॉस्फर जुन्या हिरव्या फॉस्फरपेक्षा अधिक टिकाऊ होता, आणि खिडक्या उघडण्या-मिटण्याच्या नव्या पद्धतीमुळे पडद्यावरचे चित्रही एका जागी कमी वेळ राहू लागले होते. म्हणजे पडद्याचा धोका उतरत होता त्याच वर्षांत स्क्रीन सेव्हरचा बाजार चढत होता. तेव्हापासूनच तो यंत्राच्या गरजेपेक्षा माणसाच्या हौसेवर जगू लागला. हौसेला माझा विरोध नाही. पण हौसेला देखभालीचे नाव दिले की तिचा खर्च कोणी मोजत नाही.

हा खर्च त्याही वेळी जाणकारांच्या लक्षात आला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार ही योजना सुरू केली, तेव्हा तिच्यात सर्वांत आधी घेतलेल्या वस्तू संगणक आणि मॉनिटर याच होत्या. पडद्यांचे मानक ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेने पुढच्याच वर्षी अशी पद्धत ठरवून दिली, की संगणक मॉनिटरला ‘झोप’ असा इशारा देऊ शकेल आणि मॉनिटर आपली वीज जवळजवळ शून्यावर आणेल. सोचाने प्रोग्राम लिहून जे साधले होते, ते आता यंत्राच्या अंगातच आले. शिवाय त्याच्यासोबत विजेची बचतही आली. त्या दिवसापासून नाचऱ्या चित्रांचा तांत्रिक आधार संपला असे म्हणायला हरकत नाही. उलट त्रिमितीय चित्रांचे स्क्रीन सेव्हर प्रोसेसरला इतके कामाला लावत, की सर्व्हरवर ते लावू नयेत, त्यांनी सर्व्हरची कामे मंदावतात, असे खुद्द मायक्रोसॉफ्टलाच सांगावे लागले होते.

त्यानंतर नळीचा मॉनिटरच गेला. आज टेबलावर असतो तो एलसीडी पडदा. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत नाही आणि थकणारा फॉस्फरचा लेपही नाही. मागे एलईडी दिव्यांचा उजेड असतो आणि पुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर. प्रत्येक ठिपक्यातले स्फटिक वळतात, उजेड अडवतात किंवा पुढे सोडतात. दीर्घकाळ एकच चित्र राहिले तर या पडद्यावरही कधीकधी पुसट सावली दिसते, पण ती बहुधा तात्पुरती असते आणि पडदा बंद ठेवला किंवा चित्र बदलले की निघून जाते. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. एलसीडीवर काळे चित्र दाखवले तरी मागचे दिवे बहुधा पेटलेलेच असतात. स्फटिक फक्त त्यांचा उजेड अडवून धरतात. म्हणजे या पडद्यावर स्क्रीन सेव्हर काळा असो वा रंगीत, दिवे जळतच राहतात आणि विजेचा फरक अगदी थोडा पडतो. या पडद्यात वयानुसार उतरते ते मुख्यतः मागच्या दिव्यांचे तेज, आणि ते जितके तास दिवे जळतील तितके उतरते. स्क्रीन सेव्हर चालू असताना हे तास मोजले जातच असतात. तेव्हा आजचा स्क्रीन सेव्हर पडद्याचे आयुष्य वाढवत नाही. पडदा विझू देत नसेल तर ते खर्ची घालतो. नव्या विंडोजमध्ये स्क्रीन सेव्हरच्या यादीत सुरुवातीलाच ‘काही नाही’ हा पर्याय निवडलेला असतो, आणि ठराविक वेळाने पडदा विझवण्याची सोय आधीपासून चालू असते. बनवणाऱ्यांनी आपला निर्णय केव्हाच दिला आहे.

आता हा खर्च सोलापूरच्या मापाने मोजू. साधा एलसीडी मॉनिटर सुमारे २० वॉट घेतो आणि काम नसताना जागा असलेला टेबलावरचा संगणक सुमारे ४० वॉट घेतो असे धरू. दोन्ही मिळून ६० वॉट झाले. जेवणाची सुट्टी, बैठका, फेऱ्या, साहेबांचे बोलावणे हे सगळे धरून दिवसाचे ४ तास माणूस जागेवर नाही आणि वर्षाचे कामाचे दिवस २५० असे मानले, तर एका संगणकामागे वर्षाला ६० युनिट वीज रिकाम्या खुर्चीसमोर जाते. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा यंत्र तसेच चालू राहिले, तर त्यात चौपट, म्हणजे आणखी २४० युनिटांची भर पडते. महानगरपालिका, जिल्हा परिषद, न्यायालये, बँका, महाविद्यालये आणि विद्यापीठ असलेल्या शहरात हजार संगणकांचा हिशेब मांडणे अतिशयोक्ती ठरू नये. फक्त दिवसाचे चार तास धरले तरी हजार यंत्रांचे ६०,००० युनिट होतात. देशातल्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हे ४२ टन झाले. यंत्राला झोपेच्या अवस्थेत जाऊ दिले, तर ते दोन-तीन वॉटांवर येते आणि या विजेतला नऊ दशांशाहून मोठा भाग वाचतो. केवळ पडदा विझवला तरी एक तृतीयांश वाचते.

ही वीज कुठून येते, हे सोलापूरकरांना दूर जाऊन पाहावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. त्यात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिल्याची व्यापारी निर्मिती २०१७ मध्ये आणि दुसऱ्याची २०१९ मध्ये सुरू झाली. शेजारच्या कर्नाटकातल्या रायचूरपासून सोलापूरपर्यंत आलेली ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एक झाले. देशाच्या वीज-नकाशावर हे शहर असे मोक्याच्या जागी आहे. फताटेवाडीच्या केंद्राला लागणारे पाणी उजनीच्या जलाशयातून येते, आणि सोलापूरचे पिण्याचे पाणीही मोठ्या प्रमाणात उजनीवरच अवलंबून आहे. ज्या शहराने नळाला पाणी येण्याचे दिवस मोजले आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. नव्या औष्णिक केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने घातलेली मर्यादा युनिटामागे ३ लिटर पाण्याची आहे. त्या मापाने ६०,००० युनिटांचे १,८०,००० लिटर होतात. जाळ्यातली सगळी वीज एकत्र मिसळते, त्यामुळे अमुक कार्यालयातला अमुक युनिट फताटेवाडीचाच, असे कोणी सांगू शकत नाही. पण देशाची निम्म्याहून अधिक वीज आजही कोळशाची असल्याने हिशेबाची दिशा बदलत नाही. त्यात सोलापूरच्या उन्हाळ्याची भर आहे. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना वातानुकूलित खोलीतली ही उष्णता बाहेर काढायला तिच्या साधारण एक तृतीयांश इतकी वीज आणखी लागते. म्हणजे कोणीही न पाहिलेल्या चित्राचे पैसे आपण दोनदा भरतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही रक्कम फारच लहान आहे. तो प्रामाणिक आक्षेप आहे आणि आकड्यांनी त्याला बळही मिळते. फताटेवाडीचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर ६०,००० युनिट ते तीन मिनिटांच्या आत तयार करते. मग एवढ्यासाठी लेख कशाला? उत्तर असे, की बचतीचे मोल ती करण्यासाठी काय सोडावे लागते यावर ठरते. पंखा बंद केला तर घाम येतो, दिवा बंद केला तर वाचता येत नाही. इथे सोडायचे काहीच नाही, कारण समोर कोणी बसलेलेच नाही. बीम संपल्यावर यंत्रमाग तसाच खडखडत ठेवणारा कारखानदार सोलापुरात सापडणार नाही. विजेच्या बिलावर धंद्याचे गणित बसते की फिसकटते, हे त्याला ठाऊक आहे. धाग्याशिवाय चाललेल्या मागाला जो न्याय, तोच डोळ्यांशिवाय चाललेल्या पडद्याला लागू पडतो. शिवाय एका संगणकाचे ६० युनिट म्हणजे दोन पंखे आणि चार दिवे असलेल्या लहान घराची साधारण महिन्याची वीज होते. वीजकेंद्राच्या शेजारी ती लहान दिसते, त्या घरात ती लहान नसते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. कार्यालयांत स्क्रीन सेव्हर लावतात ते पडद्यासाठी नव्हे, कुलपासाठी, असे संगणक विभागातले लोक सांगतील. काही मिनिटांनी स्क्रीन सेव्हर सुरू होतो आणि परत यायचे तर पासवर्ड विचारतो. टेबलावर लोकांच्या जमिनीचे उतारे, खात्यांची शिल्लक, आधारचे तपशील, रुग्णांचे अहवाल उघडे असतील, तर हे कुलूप हवेच. अनेक संस्थांच्या जुन्या नियमांत ते स्क्रीन सेव्हरच्या नावानेच नोंदलेले आहे, हेही खरे. पण कुलूप आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा विझल्यावर किंवा यंत्र झोपेतून उठल्यावर पासवर्ड विचारला जावा, अशी सोय त्याच सेटिंगांत आहे. कुलूप स्क्रीन सेव्हरमार्फतच लावायचा नियम असेल, तर ‘रिकामा’ हा पर्याय ठेवून त्याच्या पाठोपाठ मिनिटभरात पडदा विझेल अशी वेळ लावता येते. आणि जागेवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ व एल ही कळ एकत्र दाबली, तर यंत्र त्याच क्षणी कुलूपबंद होते. पाच-दहा मिनिटांनी लागणाऱ्या कुलपापेक्षा हे जास्त सुरक्षित आहे, कारण समोर उभ्या माणसाला तेवढी मिनिटेही पुरतात. सुरक्षिततेचीच काळजी असेल, तर सुंदर स्क्रीन सेव्हर फुकट देणाऱ्या अनोळखी ठिकाणांपासून लांब राहावे. विंडोजमधली स्क्रीन सेव्हरची फाइल हा चालणारा प्रोग्राम असतो, आणि तिच्या वेषात व्हायरस पाठवण्याची युक्ती फार जुनी आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या वीजपुरवठ्यातून येतो. यंत्र झोपेत असताना वीज गेली तर काम जाईल, त्यापेक्षा ते जागे ठेवलेले बरे, असे पुष्कळांना वाटते. झोपेच्या अवस्थेत उघडे काम संगणकाच्या मेमरीत राहते आणि वीज पूर्ण तुटली तर ते पुसले जाते, ही गोष्ट बरोबर आहे. पण जागे असलेल्या यंत्राचीही वीज गेली तर तेच होते. स्क्रीन सेव्हर त्यापासून वाचवत नाही. वाचवतो तो यूपीएस, आणि त्याची बॅटरी किती वेळ पुरेल हे त्याच्यावर किती भार आहे यावर ठरते. रिकामे नाचणारे दहा पडदे ती बॅटरी खाऊन टाकतात आणि खऱ्या कामाला लागणारी मिनिटे कमी करतात. ज्यांना भीती वाटते त्यांनी हायबरनेट हा पर्याय वापरावा. त्यात उघडे काम डिस्कवर लिहून ठेवले जाते आणि वीज गेली तरी राहते. किंवा किमान पडदा तरी विझू द्यावा. त्याने कामाला काहीच धोका नाही. वारंवार बंद-चालू केल्याने पडदा बिघडतो, ही समजूतही जुन्या काळची आहे. नळीचे मॉनिटर आणि सुरुवातीच्या एलसीडीतल्या ट्यूबसारख्या दिव्यांना वारंवार पेटण्याचा त्रास होत असे. आजच्या एलईडी दिव्यांना दिवसातून दहा-वीस वेळा विझण्या-पेटण्याने फरक पडत नाही.

चौथा आक्षेप नव्या तंत्रातून आला आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओएलईडी पडद्यांत मागचा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. उजेड देणारे त्यातले सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात, आणि निळ्या रंगाचे सर्वांत लवकर. म्हणजे जुन्या नळीतली अडचण नव्या रूपात परत आली आहे: टीव्ही वाहिनीचे कोपऱ्यातले चिन्ह, मोबाइलवरची बटणांची पट्टी, संगणकाच्या तळाची पट्टी हे सगळे ठसा उमटवू शकतात. उत्पादकांनी त्यावर उपायही केले आहेत. चित्र नकळत काही ठिपके इकडेतिकडे सरकवले जाते, स्थिर चिन्हाचा उजेड आपोआप कमी होतो, सतत दिसणारे मोबाइलचे घड्याळ हळूहळू जागा बदलत राहते. मग स्क्रीन सेव्हरला पुन्हा अर्थ आला का? अर्धाच आला. या पडद्यावर हलते चित्र झीज पसरवते, पण थांबवत नाही; रंगीत, झगमगते चित्र तर एकूण झीज वाढवते. ओएलईडीवर काळा ठिपका म्हणजे खरोखर विझलेला ठिपका. म्हणून इथेही उत्तम उपाय १९८३ चाच, पडदा काळा करण्याचा.

दोन ठिकाणी मात्र हे म्हणणे जसेच्या तसे लागू होत नाही, आणि ते मान्य करायला हवे. पहिले ठिकाण सार्वजनिक फलकांचे. रेल्वे स्थानकावरचे गाड्यांचे वेळापत्रक, रुग्णालयातला रांगेचा क्रमांक, नियंत्रण कक्षातले कॅमेऱ्यांचे पडदे हे कोणीतरी पाहण्यासाठीच चालू असतात, त्यामुळे ते विझवता येत नाहीत. तिथे चौकटीची जागा अधूनमधून बदलणे, उजेड गरजेपुरता ठेवणे आणि रात्री वर्दळ नसलेल्या जागचे फलक बंद करणे हा योग्य मार्ग आहे. दुसरे ठिकाण रिकाम्या यंत्राला कामाला लावण्याचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राने मे १९९९ मध्ये सेटी ॲट होम हा उपक्रम सुरू केला. अंतराळातून आलेल्या रेडिओ लहरींत परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांची खूण आहे का, हे शोधणारा हा प्रोग्राम स्क्रीन सेव्हरच्या रूपात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी आपल्या संगणकावर चालवला. मार्च २०२० अखेर नवे काम पाठवणे थांबले, तोवर सामान्य माणसांच्या यंत्रांतून एक मोठी गणनशक्ती उभी राहिली होती. हे काम मोलाचे होते. पण त्यातले मोल गणिताचे होते, पडद्यावरच्या आलेखाचे नव्हे. असे उपक्रम पडदा विझवूनही चालतात. आणि जो विचार करून, विजेचा खर्च जाणून विज्ञानाला आपले यंत्र देतो, त्याची तुलना सवयीने बुडबुडे सोडणाऱ्याशी करता येणार नाही.

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहे. स्क्रीन सेव्हर चुकीचा नव्हता; तो एका विशिष्ट नळीसाठी, विशिष्ट लेपासाठी, विशिष्ट काळात बरोबर होता. कारण बदलले की उपाय बदलावा लागतो, आणि ज्याला कारणच शिकवले गेले नाही तो जुनाच उपाय श्रद्धेने करत राहतो. संगणकाचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच ‘कसे’ सांगताना ‘का’ सांगितले पाहिजे. कार्यालयप्रमुखांनी आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी एकदाच सगळ्या यंत्रांवर तीन गोष्टी लावून घ्याव्यात: पाच मिनिटांनी पडदा विझेल, पंधरा-वीस मिनिटांनी यंत्र झोपेल आणि जागे होताना पासवर्ड विचारेल. संध्याकाळी निघताना संगणक बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवावे. घरच्या संगणकावर हेच काम सेटिंग्जमधल्या वीजविषयक पानावर दोन मिनिटांत होते. एकदा ते केले की पुन्हा काही लक्षात ठेवावे लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही, आणि पडदा, वीज व उजनीचे पाणी या तिन्हींची थोडी-थोडी बचत रोज आपोआप होत राहते. वाचकांनी हे काम पुढे ढकलू नये, आजच करावे.